टॅक्स-फ्री वीकेंडला किती वाचतं आणि कशावर?

वाचकाचं पत्र

गेल्या ऑक्टोबरात आम्ही पुण्याहून डॅलसजवळच्या प्लेनोला आलो. मुलगा आता सहावीत जाईल, मुलगी तिसरीत. शाळेच्या सुरुवातीची इथली ही आमची पहिलीच खरेदी. दोघांच्या याद्या आल्यात. ह्यांचं म्हणणं, ऑगस्टमध्ये टॅक्स-फ्री वीकेंड असतो, तेव्हा सगळं एकदम घेऊ. तोवर एक पेन्सिलही आणायची नाही. शेजारची मैत्रीण आधी फ्लोरिडात होती. ती म्हणते, लॅपटॉपही तेव्हाच घ्या, कर लागत नाही. मुलाला ११० डॉलरचे बूट हवेत. सासूबाई जुलैअखेर येताहेत. वह्या आणि कंपासपेट्या त्यांनाच आणायला सांगाव्या का, असंही मनात येतं. माझा व्हिसा एच-फोर, म्हणजे ह्यांच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या बायकोचा, मी कमवत नाही. निदान वाचवता तरी यावं असं वाटतं आणि दुकानात गेलं की हात आखडतो. खरंच किती वाचतं यात? — एक वाचक, प्लेनो

उत्तर

प्रिय ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर आकड्यात देता येतं. शंभर डॉलरमागे सव्वाआठ डॉलर वाचतात. टेक्सस राज्याचा विक्रीकर ६.२५ टक्के, प्लेनो शहराचा एक टक्का आणि डार्टचा, म्हणजे तुमच्याकडच्या बस-रेल्वेसेवेचा, आणखी एक टक्का. मिळून ८.२५. त्या तीन दिवसांत ठरावीक वस्तूंवर हा सगळाच कर माफ असतो. २०२५ मध्ये ते दिवस ८ ते १० ऑगस्ट होते, शुक्रवार ते रविवार. टेक्ससमध्ये ही प्रथा १९९९ पासून चालू आहे.

आपल्याकडे एमआरपीत कर मुरलेला असतो. तो दिसत नाही, म्हणून टोचत नाही. इथे लेबलवर १९.९९ वाचून आपण काउंटरवर जातो आणि हातात बिल येतं २१.६४ चं. महिनोन्‌महिने असं होत राहिलं की 'टॅक्स-फ्री' हा शब्द फार मोठा वाटू लागतो. दुकानांना हे पक्कं ठाऊक असतं. एरवी ८ टक्के सूट आहे म्हणून कुणी गाडी काढून आउटलेट मॉलला जाणार नाही, पण त्या वीकेंडला पार्किंगला जागा मिळत नाही.

आता तुमच्या यादीचा हिशेब करू. दोन मुलांचे कपडे आणि बूट मिळून साधारण ३२० डॉलर धरा, दोन दप्तरं ७० डॉलरची, वह्या-पेन्सिली-रंग वगैरे ६० डॉलरचे. एकूण ४५०. त्यावर वाचणारा कर ३७ डॉलर १३ सेंट. रुपयांत तीन हजारांच्या वर जातो, आणि ते काही थोडे नाहीत. पण या सदतीसपैकी ६० डॉलरच्या वह्या-पेन्सिलींचा वाटा पाच डॉलरही नाही. बाकी सगळं कपडे, बूट आणि दप्तरांतून येतं. म्हणून माझं सांगणं एवढंच, की हा वीकेंड कपड्यांसाठी आणि बुटांसाठी राखून ठेवा. वह्या-पेन्सिलींसाठी ऑगस्टची वाट पाहू नका.

यामागचं कारण सांगते. जुलैच्या सुरुवातीपासून वॉलमार्ट आणि टार्गेट या सामानाचे भाव अक्षरशः पाडतात. चोवीस क्रेयॉनचा डबा, सत्तर पानी स्पायरल वही, गोंदाच्या कांड्या अशा गोष्टी डॉलरच्या आत विकतात, कारण वहीसाठी आलेली आई जाताना बूटही घेऊन जाईल हे त्यांनी हेरलेलं असतं. पन्नास सेंटच्या वहीवर कर किती? चार सेंट. ते चार सेंट वाचवायला ऑगस्टपर्यंत थांबलात, तर यादीत लिहिलेली नेमकी वही संपलेली असते आणि मग तिच्याऐवजी तीन डॉलरची चकचकीत वही घ्यावी लागते. शिवाय तुमच्या भागातल्या बऱ्याच शाळा त्या वीकेंडनंतर लगेचच उघडतात, आणि 'मीट द टीचर', म्हणजे शिक्षिकेला भेटायचा दिवस, त्याआधी असतो. पुष्कळ शाळांत त्याच दिवशी सामान वर्गात नेऊन द्यायचं असतं. तुमच्या शाळेची तारीख बघून घ्या. हे सामान सासूबाई येण्याआधीच घरात आलेलं बरं.

यादी वाचण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण भारतातून नव्याने आलेल्या घरात पैसे खरे इथेच जास्त जातात. तिसरीची यादी साधारण अशी असते: शार्पन केलेल्या ४८ पेन्सिली, आणि पुढे कंपनीचं नाव, टायकॉन्डरोगा. क्रेयोलाचे २४ चे दोन डबे. कडक पुठ्ठ्याच्या, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या कॉम्पोझिशन वह्या, 'वाइड रूल्ड', म्हणजे रुंद रेघांच्या. एक्स्पोचे ड्राय-इरेज मार्कर. टिश्यूचे डबे, पुसायचे वाइप्स. आणि एक ओळ, जी वाचून नवीन आई हमखास गोंधळते: मुलांनी झिपलॉकच्या गॅलन, म्हणजे मोठ्या, पिशव्या आणाव्या, मुलींनी क्वार्टच्या, म्हणजे लहान. यातलं बरंच काही तुमच्या मुलीसाठी नसून अख्ख्या वर्गासाठी असतं. शिक्षिका सगळ्यांचं सामान एकत्र करून कपाटात ठेवतात आणि वर्षभर वाटतात. त्यामुळे मुलीच्या आवडीच्या युनिकॉर्नच्या पेन्सिली वर्गात दुसऱ्याच कुणाच्या हाती पडतात आणि घरी रडारड होते. साध्या, यादीतल्याच घ्या. शिक्षिकेला विचारल्याशिवाय त्यांवर नावंही घालू नका. पेन्सिलीच्या बाबतीत मात्र यादीत कंपनी लिहिलेली असेल तर ऐका. स्वस्त पेन्सिलीचं शिसं शार्पनरमध्ये तुटत राहतं आणि शिक्षिकेचा तास त्यात जातो.

खरेदीआधी एक संध्याकाळ घराची झडती घ्या. मे महिन्यात शाळेतून परत आलेली दप्तरं उपडी करा. कात्री, पट्टी, पेन्सिलपेटी, अर्धा भरलेला बाइंडर, कॅल्क्युलेटर, यातलं बहुतेक पुन्हा चालतं. दप्तराची चेन नीट लागते का आणि पट्टा शिवणीपाशी उसवलाय का, एवढं पाहा. पुण्यात जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात जाऊन सगळं नवंकोरं घ्यायची सवय असते, आणि तो आनंद मोठा असतो हे खरं. इथे दर वर्षी नवं दप्तर हवंच असा काही नियम नाही.

करमाफीचे नियम आता सांगते. हे टेक्ससचे आहेत. कपडे, पादत्राणे, दप्तरं आणि शालेय सामान यांवर कर माफ, पण प्रत्येक वस्तूची किंमत १०० डॉलरच्या आत हवी. ९९.९९ ला माफ. बरोबर १०० झाले की कर लागतो, आणि वरच्या रकमेवर नव्हे, पूर्ण किमतीवर. मर्यादा वस्तूगणिक आहे, बिलाला नाही. वीस वस्तू घेऊन बिल ५०० चं झालं तरी चालतं. कपडे मुलांचेच हवेत अशीही अट नाही. तुमच्या ह्यांचे ऑफिसचे शर्ट, तुमचे चालायचे बूट, गणपतीसाठी मुलाचा कुर्ता, सगळं चालतं. बूट आणि कपडे वर्षभर लागणारच असतील, तर डिसेंबरात घालायचं जाकीटही याच वीकेंडला घेता येतं.

मुलाच्या ११० डॉलरच्या बुटांवर नऊ डॉलर आठ सेंट कर लागेल, वीकेंड असो वा नसो. पण दुकानाचं १५ टक्के सवलतीचं कूपन हाती लागलं, तर किंमत ९३.५० होते आणि बूट करमाफीत येतात. म्हणजे साडेसोळाची सूट आणि वर नऊचा कर, दोन्ही वाचलं. बुटांच्या दुकानांची अशी कूपनं ईमेलवर नाव नोंदवलं की बहुधा मिळतात. गिफ्ट कार्डाने पैसे दिले तर मात्र किंमत कमी झाली असं धरत नाहीत, ते पैसे देण्याचंच एक साधन. 'एकावर एक फुकट' मध्येही फसू नका: १२० चा एक जोड घेतला, दुसरा फुकट मिळाला, म्हणून प्रत्येकी ६० असं करखातं मानत नाही. आणि मुलगा सॉकर किंवा बेसबॉल खेळणार असेल, तर खिळ्यांचे क्लीट माफीत येत नाहीत. साधे धावायचे किंवा टेनिसचे बूट येतात.

ऑनलाइन खरेदीही चालते. पैसे त्या तीन दिवसांत भरले गेले पाहिजेत. पार्सल आठवड्याने आलं तरी हरकत नाही. पण रविवारी रात्री कार्ड नाकारलं गेलं आणि तुम्ही सोमवारी पुन्हा पैसे भरले, तर कर लागणार. आणखी एक खाचखळगा घरपोच पाठवण्याच्या खर्चाचा. टेक्ससमध्ये तो वस्तूच्या किमतीत धरतात. ९६ डॉलरचं जाकीट, ८ डॉलर पाठवणावळ, झाले १०४, गेलं करमाफीबाहेर. अशा वेळी दुकानातून स्वतः उचलण्याचा पर्याय निवडा.

यादीतल्या पुष्कळ गोष्टी माफीत नसतात. हेडफोन, पाण्याची बाटली, टिश्यू, वाइप्स, पाकीट, घड्याळ, छत्री यांवर नेहमीसारखा कर आहे. त्या कुठेही, केव्हाही घ्या, वीकेंडची वाट पाहण्यात अर्थ नाही. कॅल्क्युलेटर चालतो, पण शंभरच्या आतला. मोठ्या वर्गांत लागणारा टीआय-८४ हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर बहुतेक वेळा शंभराच्या वरच असतो. तुमच्या सहावीतल्या मुलाला तो आत्ता लागणार नाही. पुढे लागेल तेव्हा शाळा वापरायला देते का, ते आधी विचारा.

मैत्रिणीचा लॅपटॉपचा सल्ला मनापासून दिलेला आहे आणि फ्लोरिडात तो बरोबरच आहे. तिथे २०२५ पासून अख्खा ऑगस्ट करमाफीचा केलाय आणि १,५०० डॉलरपर्यंतच्या संगणकाला कर नाही. टेक्ससमध्ये संगणक या यादीत नाही. ४५० डॉलरचा लॅपटॉप घ्याल तर कर लागेल ३७ डॉलर १३ सेंट, म्हणजे तुमच्या अख्ख्या यादीवर वाचवलेले पैसे एका फटक्यात गेले. आधी शाळेला विचारा. टेक्ससमधले अनेक डिस्ट्रिक्ट, म्हणजे स्थानिक शाळामंडळं, मुलांना स्वतःहून क्रोमबुक हा साधा लॅपटॉप देतात, आणि मग सहावीच्या मुलाला वेगळ्या लॅपटॉपची गरज उरत नाही.

हे सदर इतर राज्यांतूनही वाचलं जातं, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात. ओहायोत २०२५ मध्ये हे दिवस १ ते १४ ऑगस्ट होते, आणि ५०० डॉलरपर्यंतच्या जवळजवळ सगळ्याच वस्तूंना माफी. मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच वर्षी ९ आणि १० ऑगस्ट, एका वस्तूला २,५०० पर्यंत. कपडे तर तिथे १७५ डॉलरपर्यंत वर्षभरच करमुक्त आहेत. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि मिनेसोटात रोजच्या कपड्यांवर एरवीही कर नसतो, त्यामुळे तिथल्या वाचकांनी ऑगस्टसाठी कपडे अडवून ठेवायचं कारण नाही. न्यू यॉर्कमध्ये ११० डॉलरच्या आतल्या कपड्याला आणि बुटाला राज्याचा कर नाही. कॅलिफोर्नियात असा वीकेंडच नाही. मैत्रीण दुसऱ्या राज्यातली असेल तर तिचा अनुभव आपल्या राज्याला लागू धरू नका, नियम खरंच जमीन-अस्मानाइतके वेगळे आहेत.

आता तो वीकेंड कसा गाठायचा ते सांगते. आदल्या आठवड्यात एकदा मुलांना घेऊन दुकानात जा. बूट पायात घालून चालून बघू द्या, माप लिहून घ्या, जीन्सचा आणि टी-शर्टचा भाव फोनमध्ये टिपून ठेवा. हे टिपणं फार महत्त्वाचं. काही दुकानं त्या वीकेंडला इतर सूट काढून घेतात. गुरुवारी २२ ला असलेली जीन्स शनिवारी २६ ला दिसली, तर गुरुवारी कर धरूनही ती २३ डॉलर ८२ सेंटला पडत होती. 'टॅक्स-फ्री' ची पाटी पाहून हे डोक्यात येत नाही. फोनमधला भाव पाहिला की येतं. तुम्ही घरी असता, तर शुक्रवारी सकाळी दुकान उघडतानाच जा, मुलांना न घेता, माप आणि यादी हातात घेऊन. शनिवारी दुपारी रांगेत उभं राहून कंटाळलेली मुलं जे काही टोपलीत टाकतात त्याची किंमत सव्वाआठ टक्क्यांपेक्षा जास्त होते. काउंटरवर बिल तिथेच वाचा. माफीतल्या वस्तूवर कर लावलेला दिसला तर दुकानदाराकडेच परत मागायचा असतो, आणि तो मागायला बिचकू नका.

कपडे किती घ्यायचे? टेक्ससमध्ये ऑक्टोबरपर्यंत उकाडा असतो. आत्ता चार-पाच टी-शर्ट आणि दोन-तीन अर्ध्या चड्ड्या पुरतात. सहावीतला मुलगा डिसेंबरापर्यंत दोन इंच वाढला तर आत्ता घेतलेली पूर्ण पँट घोट्याच्या वर जाईल. मुलीसाठी 'वन्स अपॉन अ चाइल्ड' सारखं वापरलेल्या कपड्यांचं दुकान एकदा जरूर पाहा. तिथले कपडेही त्या वीकेंडला करमुक्त असतात, आणि पुष्कळसे एक-दोनदाच घातलेले निघतात. तुमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'तिसरीतल्या मुलीच्या मापाचे कपडे कुणाकडे आहेत का' असं विचारायला मुळीच लाजू नका. आपल्याकडे मोठ्या बहिणीचा फ्रॉक धाकटीला सर्रास जायचा, त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

तुमच्या ह्यांनी सगळं एकदम घ्यायचं ठरवलंय ते वाचवण्याच्या भावनेनेच, त्यांना दोष नाही. त्यांच्यासमोर हाच हिशेब कागदावर मांडा. पेन्सिली-वह्यांवर वाचणारे पाच डॉलर एका बाजूला, आणि जुलैतला भाव हुकला तर जाणारे दहा-बारा डॉलर दुसऱ्या बाजूला. आकडे पाहिले की वाद होत नाही.

तुमचं एक वाक्य मात्र मला सोडून देता येत नाही: 'मी कमवत नाही, निदान वाचवता तरी यावं.' ताई, नवीन देशात दोन मुलांची शाळा लावणं, याद्या वाचणं, कुठल्या वस्तूला कर आहे हे शोधणं, सासूबाईंच्या येण्याची तयारी करणं, हे सगळं तुम्ही करताय. एच-फोरवर असलेल्या कितीतरी शिकल्यासवरल्या बायका पाच डॉलरच्या खरेदीलाही मनातल्या मनात परवानगी मागतात, आणि ते पाहून मला फार वाईट वाटतं. घरखर्चाची एक रक्कम दोघांनी मिळून ठरवा. ती ठरली की त्या रकमेच्या आत काय घ्यायचं हे तुमच्या अखत्यारीत, दर वेळी विचारायचं नाही. शाळेच्या खरेदीसाठी समजा ५५० ठरले, तर त्या कागदावर तुमच्याही बुटांची ओळ लिहा. त्या वीकेंडला तेही करमुक्त असतात. मुलांना शाळेत सोडायला-आणायला रोज तुम्हीच जाणार असाल तर पायात धड काहीतरी हवं. तुमच्या ह्यांच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, म्हणजे आय-१४०, मंजूर झालेला असेल तर एच-फोरवर कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. ते त्यांच्या कंपनीच्या वकिलाकडे एकदा विचारून घ्या.

राहिला सासूबाईंच्या बॅगेचा प्रश्न. वह्या आणायला सांगू नका. आपल्या चाररेघी, एकरेघी आणि चौकटीच्या वह्या इथल्या वर्गात चालत नाहीत. इथे सुटे कागद तीन भोकांचे लागतात, ते बाइंडरमध्ये बसतात, आणि वह्या वाइड रूल्ड किंवा कॉलेज रूल्ड (जवळजवळच्या रेघांच्या) अशा मापाच्या. शिवाय वह्यांचं वजन फार, बॅगेचे तेवीस किलो पाहता पाहता भरतात. कंपासपेटी चालेल, पण शाळेत नेण्याआधी शिक्षिकेला दाखवा; टोकदार कर्कटक काही शाळा वर्गात ठेवू देत नाहीत. त्यापेक्षा सासूबाईंना बालभारतीची तिसरीची मराठीची पुस्तकं, मुलीसाठी अंकलिपी, नटराजच्या पेन्सिलीचे दोन डबे घरच्या अभ्यासासाठी आणि गणपतीसाठी मुलांचे सुती कपडे आणायला सांगा. इथे ते सहज मिळत नाहीत आणि मिळाले तरी महाग असतात. कंपासपेटी आणलीच तर ती चेक-इन बॅगेत ठेवायला सांगा, हातातल्या पिशवीत असली तर सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात.